घरात सापाची कात सापडली तर…

भगिनींनो, श्रावण लागला की आमच्या सिरोंच्यात दोन गोष्टी हटकून घडतात. प्राणहिता तांबडी होऊन दोन्ही काठ धरून वाहू लागते, आणि कुणाच्या ना कुणाच्या घरात सापाची कात सापडते. यंदा मात्र श्रावणातला पहिला साप माझ्या घरी आला तो फोनवरून, आणि तोही थेट इंग्लंडहून!

माझी लेक तिकडे असते. तिच्या दहा वर्षांच्या मुलाने वर्षभरापूर्वी एक साप पाळला. ‘कॉर्न स्नेक’, म्हणजे मक्याचा साप. मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला, बिनविषारी, शेंदरी अंगावर तांबडे ठिपके. मक्याच्या कोठारात उंदरांमागे फिरतो म्हणून त्याला हे नाव पडले, असे सांगतात. आपल्याकडचा तस्कर नावाचा बिनविषारी साप आहे ना, तो याच्याच नात्यातला. लेकीने पहिल्यांदा सांगितले तेव्हा मी तिला चांगले फैलावर घेतले होते. पण तिकडे पुष्कळ मुले हे साप पाळतात म्हणे. असो.

तर त्या दिवशी नातू फोनवर रडकुंडीला आलेला. “आजी, माझा साप आंधळा झाला गं! डोळे पांढरे झालेत. आठ दिवस काही खात नाहीये. हात लावला तर फुसकन अंगावर येतो!”

त्याने साप दाखवला. डोळ्यांवर निळसर-पांढरी साय धरलेली, अंगाचा रंग राखेसारखा मळका झालेला. मला हसू आले. म्हटले, “अरे राजा, आंधळा कुठला! तुझा साप कात टाकणार आहे. त्याला चार दिवस स्वस्थ बसू दे.”

आणि योगायोग बघा. त्याच आठवड्यात आमच्या शेजारच्या अक्का काठीच्या टोकावर एक कात घेऊन दारात उभ्या! इथे आमच्या गावात निम्म्या घरांत तेलुगू बोलतात, नदी ओलांडली की तेलंगणच. अक्का घाबरल्या की त्यांचे मराठी पळून जाते. “बाई, कुबुसम! कुबुसम!” एवढेच म्हणत होत्या. कुबुसम म्हणजे कात. ती सापडली होती त्यांच्या माजघरात, लाकडी पेटीच्या मागे. त्याच माजघरात त्यांची सून चार महिन्यांच्या बाळाला घेऊन जमिनीवर अंथरूण घालून निजत होती.

म्हणून म्हटले, या खेपेला लोणची-पापड बाजूला ठेवावेत आणि कातीबद्दलच बोलावे.

कात म्हणजे नेमके काय?

तुम्ही म्हणाल, आपण काही कात टाकत नाही. पण टाकतो बरे! आपली वरची कातडी रोज बारीक बारीक कोंड्याने झडतच असते, म्हणून आपल्याला कळत नाही. साप तेच काम एकदम करतो. आपली नखे आणि केस ज्या केराटिनचे असतात, त्याचेच सापाच्या कातडीचे वरचे अस्तर असते. ते निर्जीव, न वाढणारे. आत साप वाढतो, अस्तर तेवढेच राहते. वाढत्या मुलीचा परकर दर वर्षी आखूड होतो ना, तसेच. म्हणून पिल्ले वरचेवर कात टाकतात. अंड्यातून बाहेर आल्यावर पहिली कात तर बहुधा आठ-पंधरा दिवसांतच पडते. मोठे साप कमी वेळा टाकतात, पण टाकतात जन्मभर. कारण कपडा केवळ आखूड होत नाही, झिजतोही. जमिनीला घासून खरचटलेली, गोचिडे चिकटलेली जुनी कातडी जाते आणि आतून नवी कोरी येते.

आता डोळ्यांचे. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर काचेसारखा पारदर्शक एक खवला असतो, कायमचा चष्माच म्हणा. कात टाकायची वेळ आली की जुन्या आणि नव्या कातडीच्या मधे पाण्यासारखा द्रव भरतो. त्याने अंग मळकट दिसते आणि चष्म्यावर धुके धरते. तीन-चार दिवसांनी धुके निवळते, डोळे पुन्हा स्वच्छ होतात. पाहणाऱ्याला वाटते, झाले, बरा झाला. पण खरी कात पडते ती त्यानंतर काही दिवसांनी. सगळा कारभार एक-दोन आठवड्यांचा.

मग साप ओठ एखाद्या खरखरीत जागेवर घासतो. दगड, वीट, लाकडाची कड, काहीही चालते. ओठापाशी कातडी सुटली की ती कशात तरी अडकवून तो पुढे सरकत जातो, आणि पायमोजा उलटा करून काढावा तशी कात उलटी होत मागे राहते. म्हणून जिथे पडली तिथेच असलेल्या अख्ख्या कातीचे शेपटीचे टोक ज्या बाजूला, त्या बाजूला साप गेला असे समजावे. त्या कातीत डोळ्यांचे दोन्ही चष्मेसुद्धा असतात. कात ओढली-ताणली जाते, त्यामुळे ती सापापेक्षा लांब भरते. तेव्हा पाच फुटी कात पाहून पाच फुटी साप घरात आहे असे समजून धास्तावू नका.

नातवाला काय सांगितले

या दिवसांत सापाला नीट दिसत नाही. तो अडचणीत दडून बसतो, खात नाही, आणि जवळ काही हलले की बिथरून तोंड मारतो. यात आजार काही नाही. नातवाला मी एवढेच सांगितले: हाताळू नको, खायला देऊ नको. पेटीत ओलसर शेवाळाची किंवा ओल्या कागदाची एक झाकलेली डबी ठेव, अंग बुडेल एवढे पसरट भांडे पाण्याने भरून ठेव, आणि घासायला एक खरबरीत लाकूड दे.

हवा कोरडी पडली तर कात अख्खी न निघता तुकड्या-तुकड्यांनी निघते. तिकडे घरे यंत्राने ऊबदार ठेवतात, त्यामुळे हे पुष्कळदा होते. अशा वेळी सापाला उथळ कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवावे आणि ओल्या फडक्यातून स्वतःच सरकू द्यावे. नखाने सोलू नये. शेपटीच्या टोकाला जुन्या कातीचे कडे राहिले तर ते आवळून रक्त तुटते, म्हणून तिथे लक्ष द्यावे. आणि डोळ्यावरचा चष्मा राहिला तर चिमट्याला हात न लावता प्राण्यांच्या डॉक्टरांकडेच जावे.

पण भगिनींनो, हे वाचून आपल्याकडच्या पोराटोरांनी साप धरून बरणीत ठेवू नये हो! आपल्या रानातले साप पकडणे, पाळणे, मारणे हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. आमच्याच जिल्ह्यात हेमलकशाला १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. तिथे डॉ. प्रकाश आमटे यांनी सांभाळलेल्या रानातल्या प्राण्यांत सापही होते, हे तुम्ही त्यांच्या ‘रानमित्र’मध्ये वाचले असेल. पण तो अनाथ आणि जखमी जिवांचा सांभाळ होता. ती हौस नव्हे.

अक्कांची कात

आता अक्कांच्या कातीकडे वळू. कातीत विष नसते. ती चावत नाही, तिला शिवल्याने काही होत नाही. पण साप जवळपास असू शकतो, म्हणून कात दिसली की आधी बॅटरीने आजूबाजूची जागा पाहावी, मुलांना बाहेर काढावे, आणि मगच चिमट्याने किंवा काठीने उचलावी. नंतर हात साबणाने धुवावेत. कात मऊ, दमट असेल तर ताजी. हाताला कुरकुरली, मोडली तर जुनी. अक्कांची होती ती मऊ.

आम्ही ती वर्तमानपत्रावर पसरली. चुरगळलेल्या भागावर पाण्याचा हात फिरवला की ती उलगडते. मी तीस वर्षे शाळेत शिकवले, आणि दर पावसाळ्यात मुले काती घेऊन यायची, त्यामुळे थोडेफार डोळ्यांत बसले आहे. कातीला रंग जवळजवळ नसतो, तेव्हा रंगाने काही कळत नाही. खवले पाहावे लागतात.

पाठीच्या मधोमध, मणक्यावरची एकच ओळ बाजूच्या खवल्यांपेक्षा मोठी आणि षटकोनी असेल, आणि शेपटीखालच्या पट्ट्या दुभंगलेल्या नसून एकसंध, एकाखाली एक असतील, तर ती मण्यारीची कात समजावी. प्रत्येक खवल्याला मधोमध उंच रेघ, आणि डोक्यावर मोठ्या ढलप्यांऐवजी बारीक बारीक खवले असतील तर घोणशीचा संशय घ्यावा. दिवडाच्या खवल्यांनाही रेघ असते, पण त्याच्या डोक्यावर मोठ्या ढलप्या असतात. नाग आणि धामण यांच्या काती मात्र आपल्यासारखीला सहज वेगळ्या ओळखता येत नाहीत. तिथे शहाणपण न करता जवळच्या जाणत्या सर्पमित्राला किंवा वनखात्याच्या माणसाला फोटो दाखवावा. काहीच कळले नाही तर साप विषारीच आहे असे धरून चालावे. त्यात नुकसान काही नाही.

अक्कांच्या कातीवर ती मधली षटकोनी ओळ स्पष्ट होती. मी काही बोलायच्या आत अक्काच खाली बसल्या. “कट्लपामु?” म्हणाल्या. मी मान हलवली. कट्लपामु म्हणजे मण्यार.

मग त्यांनी सांगितले ते मला इतक्या वर्षांच्या शेजारात ठाऊक नव्हते. त्या लहान असताना त्यांचा धाकटा भाऊ असाच जमिनीवर निजला होता. पहाटे पोटात दुखते म्हणून उठला. आईने ओवा दिला. थोड्या वेळाने त्याच्या पापण्या जड झाल्या, तो म्हणाला मला झोप येतेय. घरच्यांना वाटले, बरे झाले, निजू द्या. उजाडले तेव्हा त्याचा श्वास बंद पडत आला होता. अंगावर कुठे जखम नाही, सूज नाही. सगळे म्हणाले बाहेरची बाधा झाली. “त्याच्या आधी आठ दिवस घरात कुबुसम सापडलं होतं,” अक्का म्हणाल्या. “नान्नाने, म्हणजे वडलांनी, ते पैशाच्या पेटीत ठेवलं. लक्ष्मी येईल म्हणून.”

लक्ष्मी आणि अंथरूण

कातीबद्दलच्या समजुती तुम्हांलाही ठाऊक असतील. गल्ल्यात ठेवली की पैसा टिकतो. बाळंतिणीच्या कमरेला बांधली की सुटका लवकर होते. धुरी दिली की लहान मुलाची दृष्ट जाते. मी कुणाच्या श्रद्धेला हसत नाही. आमच्याकडे श्रावणात नागपंचमी आणि कार्तिकात, दिवाळी झाली की, तेलुगू घरांतली नागुला चविती, दोन्ही होतात, आणि मी दोन्हींचा प्रसाद खाते. पण कात हे औषध नाही. ती मुलांना उगाळून पाजू नका, धुरी देऊ नका, बाळंतपणाला दवाखान्याऐवजी तिच्यावर विसंबू नका.

आणि सर्वांत मोठा धोका आणखी वेगळाच आहे. कात गल्ल्यात ठेवली की माणसाला वाटते, आपण करायचे ते केले. अंथरूण मात्र तिथेच राहते, जमिनीवर. कात ही शकुन नाही आणि शापही नाही. ती एक खबर आहे: या खोलीत साप येऊन गेला, आणि काही काळ निवांत बसून गेला. का बसला? कारण त्याला इथे अडोसा मिळाला, ओल मिळाली, आणि बहुधा खायलाही मिळाले. याचा विचार करायचा. एकच कात म्हणजे कदाचित वाटसरू असेल. वेगवेगळ्या आकाराच्या दोन-चार सापडल्या, तर मुक्काम समजावा.

काय करावे

खोली रिकामी करून आधी सर्पमित्राला किंवा वनखात्याला बोलवावे. स्वतः बिळात काठी घालू नये, आणि साप आत आहे की नाही हे कळल्याशिवाय बीळ बुजवू नये. अक्कांकडे माणसे येऊन पाहून गेली. साप निघून गेला होता. पेटीमागे उंदराचे बीळ मात्र निघाले. नंतर ते काचेचे तुकडे आणि सिमेंट घालून बुजवले.

धान्याची कणगी आणि पोती भिंतीला टेकवून ठेवू नयेत. फळीवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवावीत, म्हणजे मागे झाडता येते. धान्य सांडले की उंदीर, उंदीर आले की साप. मण्यार तर दुसरे सापही खाते.

सरपण, गोवऱ्या, जुनी कवेलू यांचा ढीग घराला लागून नसावा. मोरीच्या भोकाला जाळी लावावी. दाराखालची फट रात्री जुन्या फडक्याची वळकटी लावून बुजवावी.

फिनेल, डांबराच्या गोळ्या, लसूण यांच्या वासावर भरवसा ठेवू नये. रॉकेल तर घरात मुळीच शिंपडू नये.

रात्री उठताना बॅटरी हाताशी असावी. चपला, बूट झटकून घालावेत. पुराच्या दिवसांत दुप्पट सावध राहावे. २०२२च्या जुलैत गोदावरी आणि प्राणहितेचे पाणी गावांत शिरले, तेव्हा बिळे बुडालेले जीवही माणसांसारखेच कोरडी जागा शोधत होते.

आणि सर्वांत महत्त्वाचे: पावसाळाभर जमिनीवर निजू नये. बाज, खाट, दिवाण, जे असेल ते वापरावे. तेही नसेल तर निदान मच्छरदाणी लावून तिच्या कडा चारी बाजूंनी गादीखाली घट्ट खोचाव्यात. मच्छरदाणीने हिवतापही टळतो आणि मण्यारही. एका खर्चात दोन कामे!

मण्यार चावली तर

मण्यार रात्रीची फिरते आणि निजलेल्या माणसाला चावते. चावा बहुतेक वेळा दुखत नाही, सूज येत नाही, खूणही दिसत नाही. म्हणून पावसाळ्यात जमिनीवर निजलेले माणूस पहाटे पोटदुखीने उठले, पापण्या मिटू लागल्या, गिळायला किंवा बोलायला जड जाऊ लागले, तर ओवा-हिंग करत बसू नका. सापच समजा आणि निघा. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. चावा कापू नये, चोखू नये, दोरीने करकचून बांधू नये. हात-पाय न हलवता माणसाला कुशीवर निजवून न्यावे. साप मारून बरोबर न्यायची गरज नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर आपल्याकडे एकच प्रतिविष चालते. मण्यारीच्या विषाने श्वास बंद पडू शकतो आणि यंत्राचा आधार लागू शकतो. आमच्या सिरोंच्यात ग्रामीण रुग्णालय आहे, पण जिल्ह्याचे गाव गडचिरोली सुमारे २०० किलोमीटर लांब. म्हणून मांत्रिकाकडे घालवलेला एक तास फार महाग पडतो.

ही भीती घालण्यासाठी सांगत नाही. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाप्रमाणे २००० ते २०१९ या काळात आपल्या देशात दर वर्षी सरासरी सुमारे ५८,००० माणसे सर्पदंशाने गेली, आणि त्यांतली निम्मी जून ते सप्टेंबर या महिन्यांत. त्यांतल्या कितीतरी जणांच्या घरी आधी एखादी कात सापडली असेल, आणि ती गल्ल्यात गेली असेल.

अक्कांच्या घरी त्या संध्याकाळी थोडी वादावादी झाली. बाळंतिणीला जमिनीवरच बरे वाटते, खाटेवरून बाळ पडेल, असे घरातले म्हणत होते. अक्का कुणाशी बोलल्या नाहीत. पडवीतली स्वतःची बाज उचलून त्यांनी माजघरात आणली, भिंतीला लावली, दुसऱ्या बाजूला उशांचा बांध घातला, वर मच्छरदाणी बांधली, आणि सुनेला म्हणाल्या, “इथं निज.” स्वतः त्या बाजारातून दुसरी मच्छरदाणी येईपर्यंत दोन रात्री खुर्चीवर बसून होत्या.

आणि आमचा नातू? नऊ दिवसांनी त्याचा फोन आला. साप शेंदरासारखा चकचकीत झालेला, आणि हातात अख्खी कात. “आजी, दोन्ही चष्मे आलेत. मी मोजले!”

तुमच्या भागात कातीला काय म्हणतात, आणि ती सापडली की घरात काय करतात, हे जरूर कळवा. पण पत्र लिहायच्या आधी एकदा घरातल्या पेट्यांच्या आणि कणगीच्या मागे बॅटरी मारून बघा.